मावशीची दाढी

मिरकरवाडा बंदरात मला माझ्या नावाने हाक मारणारी माणसं फार थोडी. बाकी सगळ्यांसाठी मी मावशी. ट्रॉलरच्या पोटात उतरून, कोपरापर्यंत काळ्या तेलात हात घालून मी इंजिन उघडून बसलेलो असतो आणि वरून कुणीतरी नाखवा ओरडतो, "मावशे, झाला काय तुजा?" बोटीवर नवा आलेला खलाशी असला तर तो आधी वाकून आत बाई कुठे दिसते का ते बघतो, आणि मग माझ्याकडे बघतच राहतो.

हे नाव मला नमनाने, आमच्या कोकणातल्या लोकनाट्याने दिलं. आमचं गाव आरे-वारे ओलांडून पुढे, गणपतीपुळ्याच्या रस्त्याला. कामासाठी मी रत्नागिरी शहरात राहायला आलो त्याला बरीच वर्षं झाली, पण गावच्या नमन मंडळातून माझा पाय काही निघाला नाही. नमनात गण झाला की गवळण येते. दूध-दही घेऊन मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी, त्यांची वाट अडवणारा कृष्ण आणि त्याचा खोडकर सवंगडी पेंद्या. गवळणींच्या पुढे ठसक्यात चालते ती त्यांची मावशी. पेंद्याशी भांडणारी, कृष्णाला दटावणारी, कंबरेवरचा हात खाली न घेणारी. गण लोक हात जोडून बघतात आणि मावशी आली की सावरून, मांडी घालून बसतात. ती मावशी मी, माझ्या लग्नाच्या आधीपासून.

कितीतरी मंडळांत मावशी मिशी ठेवून येते. डोक्यावर पदर, खाली झुपकेदार मिशी, आणि लोक त्या मिशीलाच हसतात. मला ते कधी रुचलं नाही. हसायचं तर मावशीच्या बोलण्याला हसा, साडी नेसलेल्या बाप्याला कशाला? म्हणून माझा चेहरा खेळाच्या दिवशी गुळगुळीत लागायचा. एकदा सुलट, एकदा उलट, वर तुरटी, आणि तुरटीवर रंग.

आणि कातडी मला मिळाली ती अशी, की जाड कॉलर घासली तरी मानेवर लाल पट्टा उठतो. दाढी केली की दुसऱ्या दिवशी जबड्याखाली पुरळ. कापलेला केस बाहेर यायच्या ऐवजी आतल्या आत वळायचा आणि तिथे फोड धरायचा. त्यात बंदरातलं काम. घाम, खारं वारं, डिझेलची वाफ. बायको म्हणायची, "तुमचं तोंड बघून कुणाला वाटेल मी लाटण्याने मारते." मी हसून सोडून द्यायचो. विशीत, तिशीत ते चाललं. चाळिशी उलटल्यावर कातडी ऐकेना.

मागच्या हंगामात खेडच्या बाजूला आमचा खेळ होता. रंग लावला आणि गालावर कुणी मिरची वाटल्यासारखी आग सुरू झाली. रंगमंचावर गेलो तेव्हा डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मावशी रडते आहे असं समजून लोक आणखी हसले. खेळ पार पडला, टाळ्याही पडल्या. पण घरी येऊन रंग उतरवला तर खाली चेहरा उरलाच नव्हता. सुजलेला, पाणी सुटलेला, कानापासून गळ्यापर्यंत लाल. माझी आई माझ्याजवळच राहते. तिने सकाळी मला पाहिलं आणि हातातला तांब्या खाली ठेवला. "काय झाला रे तोंडाला?" एवढंच म्हणाली आणि देवासमोर जाऊन बसली.

त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी बघितल्याबरोबर सांगितलं, "दाढी बंद. कातडीला जरा जगू द्या." मलम दिलं, गोळ्या दिल्या. दाढी वाढली. आधी खाज सुटली, मग हळूहळू सूज उतरली. बंदरात लोकांना नवी करमणूक मिळाली. "मावशीला दाढी फुटली," म्हणून एकाने जेट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बोंब मारली. मीही हसलो. पण आतून काही हललं होतं. आरशात बघितलं की मला मावशी दिसेना. चालताना कमरेत जो झोक आपोआप यायचा तो येईना. बायकोला एकदा गंमत म्हणून मावशीच्या आवाजात हाक मारली, तर आवाज फाटला.

अशात बुवा घरी आले. बुवा म्हणजे आमच्या मंडळाचे गायक आणि सगळे निर्णय घेणारे. वयाने मोठे, मितभाषी. चहा पिऊन झाल्यावर त्यांनी विषय काढला. रत्नागिरीत नाट्यगृहात नमनाची स्पर्धा ठरली होती आणि आमच्या मंडळाने पहिल्यांदाच भाग घेतला होता.

"मावशीचा काय करायचा?" बुवा म्हणाले. "दाढी ठेवूनच ये. लोक हसतील. नायतर झांज घे हातात. मावशी दुसरा कोणतरी करील."

"कोण करील?"

बुवांनी रिकामी कपबशी उगाच पुढे सरकवली. त्यांनी कुणाला तरी विचारून ठेवलं होतं हे मला कळलं. राग आला नाही. मी म्हणालो, "मला थोडे दिवस द्या, बुवा."

"दिले," ते म्हणाले. "पण तोंड सांभाळ. मावशी परत मिळंल, तोंड नाय मिळायचा."

ते गेल्यावर बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. ती घरी शिवणकाम करते. कुठलीही गोष्ट उसवून पुन्हा शिवता येते यावर तिचा विश्वास आहे. ती म्हणाली, "डॉक्टरांनी दाढी बंद करायला सांगितली. करायचीच असेल तर कशी करायची, हे तुम्ही विचारलं का?"

मी विचारलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं गेलो. मी मावशीचं सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाई ऐकत होत्या, मध्येच त्यांना हसू आलं. मग खुर्ची पुढे ओढून त्यांनी मला नीट समजावलं. आधी कोमट पाण्याने केस मऊ करायचे. डब्यातला तयार फेस नको, त्यातल्या वासानेच निम्मं बिघडतं. बिनवासाचा साबण. धारदार ब्लेड, केसाच्या दिशेने, एकदाच. उलट्या हाताने कधीच नाही. तुरटी तर घरातूनच घालवा.

"आणि ब्रश बदला," त्या म्हणाल्या. "तुम्ही कुठला वापरता?"

मी सांगितलं. प्लास्टिकच्या दांड्याचा, कोपऱ्यावरच्या दुकानातला, कित्येक वर्षांचा.

"तो ब्रश म्हणजे रोज कातडी घासायची. मऊ केसांचा घ्या. बॅजरचा मिळाला तर उत्तम. पाणी धरून ठेवतो आणि टोचत नाही. पण हातात घेऊन बघून घ्या. नावावर जाऊ नका."

बॅजर हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. घरी येऊन मोबाइलवर बघितलं. थंड मुलखात बिळात राहणारा, तोंडावर काळे-पांढरे पट्टे असलेला, आखूड पायांचा प्राणी. बायको म्हणाली, "ह्याच्या केसांनी तुमची दाढी?" आणि आम्ही दोघंही बराच वेळ हसत राहिलो.

आता ब्रश शोधायचा. बाजारात गेलो. पहिल्या दुकानात नायलॉनचा ब्रश, "एकदम सॉफ्ट" म्हणून. बायकोने तो माझ्या हातातून घेतला आणि मनगटाच्या आतल्या बाजूवर, जिथे निळ्या शिरा दिसतात तिथे, टोकं टेकवून फिरवला. "टोचतोय," म्हणाली आणि परत दिला. दुसऱ्या दुकानात डुकराच्या केसांचा होता. दुकानदार सांगत होता की वापरून वापरून मऊ होतो. मी म्हणालो, "तोवर माझं तोंड राहिलं पाहिजे ना." तिसऱ्या दुकानात बॅजर म्हणताच माणसाने आमच्याकडे असं बघितलं, की आम्ही निमूट खाली उतरलो.

मग मला माझा मित्र आठवला. शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. तो पुढे कुवेतला गेला, बरीच वर्षं तिथे एका दुकानात काम केलं आणि परत येऊन त्याने इथे अत्तराचं आणि सौंदर्यप्रसाधनांचं दुकान टाकलं. त्याची स्वतःची दाढी छातीपर्यंत. पण जहाजावर जाणारी, परदेशात राहून आलेली माणसं त्याच्याकडे दाढीचं उंची सामान मागतात, म्हणून तो तेही ठेवतो.

"तू? दाढीचा ब्रश?" त्याने माझी वाढलेली दाढी बघितली. "मला वाटलं तू आता माझ्या पार्टीत आलास."

मी त्याला सगळं सांगितलं. तो गंभीर झाला. आत जाऊन त्याने तीन डब्या आणल्या आणि काचेवर ओळीने मांडल्या. तिन्ही बॅजरचे. पहिल्याचे केस काळपट, एकसारखे. दुसऱ्याचे मधोमध गडद आणि टोकाला फिकट. तिसऱ्याची टोकं पांढरीशुभ्र आणि फुलोरा असा, की वाऱ्यावर उडेल की काय वाटावं. कोरडे फिरवून बघितले तर तिन्ही मऊ. मी साहजिकच तिसऱ्याला हात घातला.

"थांब भावा," तो म्हणाला. "कोरडा ब्रश सगळ्यांचाच गोड लागतो. ओला करून बघ."

मी चपापलो. "विकायचा माल ओला करायचा?"

"तुझ्यासाठी करायचा."

शेजारच्या चहावाल्याकडून त्याने वाडगाभर कोमट पाणी मागवलं. ब्रश भिजवले, झटकले आणि साबण थोडा घोळवून एकेक माझ्या हातात दिला. दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. मी शर्टाचं वरचं बटण काढलं, मान वर केली आणि जबड्याखाली, जिथे दाढी विरळ आणि कातडी सर्वांत हळवी, तिथे टेकवला. पहिला ओला झाल्यावर खरखरला. लगेच कळलं. तिसरा, तो पांढराशुभ्र, फार मऊ होता, पण पाण्याने असा लोळागोळा झाला की फेस केसांच्या मुळाशी पोचवायला दाबावा लागत होता, आणि दाबलं की आग. दुसरा टेकवला आणि मी डोळे मिटले.

टोकं मऊ होती आणि बुडाशी मात्र थोडा ताठा होता. मी काही दाबत नव्हतो, तरी तो केस उचलून धरत होता. पाणी गरम राहिलं होतं आत. मांजरीचं पिल्लू नाक घासतं तसं काहीतरी मानेवर फिरत होतं आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदा त्या जागेवर काही लागलं आणि दुखलं नाही.

"हा," मी म्हणालो.

बायकोने तो घेतला, मनगटावर फिरवला, मग न राहवून स्वतःच्या गालावरही. "हाच," म्हणाली. मित्र म्हणाला, "महागातला सोडलास, मधला घेतलास. गिऱ्हाईक शहाणं आहे." आणि डबी बांधता बांधता बजावलं, "वापरलास की धुवायचा, झटकायचा, टोकं खाली करून वाळवायचा. डबीत ओला कोंबलास तर माझ्याकडे येऊ नकोस."

घरी आल्यावर धुऊन न्हाणीघराच्या खिडकीत टांगला. थोड्या वेळाने आई नाकाला पदर लावून आली. "घूस मेली काय रे कुठं?" नवीन ब्रश ओला झाला की जनावराचा वास येतो, हे मित्राने सांगितलं नव्हतं. आईने माळ्याखाली, कपाटामागे, सगळीकडे शोधलं. मी कबूल करेपर्यंत तिने निम्मं घर झाडून काढलं होतं. मग साबणाने चार-पाचदा धुतल्यावर तो वास गेला. एकदोन केसही गळाले. मी घाबरलो, पण पुढे थांबले.

डॉक्टरीणबाईंनी कातडी तपासून होकार दिला, आणि एका सकाळी मी आरशासमोर बसलो. वाढलेली दाढी आधी कात्रीने उतरवली. कोमट पाण्याचा टॉवेल तोंडावर ठेवला. ब्रश भिजत घातला, साबणावर हळूहळू फिरवला. माझा हात इंजिनचा. घट्ट नट सोडवायची सवय, जोर लावायची सवय. इथे जोर लावायचाच नव्हता. पहिल्यांदा फेस पातळ झाला, ओघळून बनियनवर आला. दुसऱ्यांदा जमला, ताकावरच्या लोण्यासारखा. भिंतीला रंग देतात तसा ब्रश वरून खाली, खालून वर नेला. बायको दारात उभी राहून बघत होती. आईही आली. दोघी उंबऱ्याच्या आत पाऊल टाकत नव्हत्या, जणू घरात ऑपरेशन चाललं होतं.

ब्लेड केसाच्या दिशेने, एकदाच. थंड पाणी. टॉवेलने टिपून घेतलं, पुसलं नाही. तुरटीला हात लावला नाही.

गाल जरा गुलाबी झाला होता, एवढंच. खरी परीक्षा दुसऱ्या सकाळी होती. उठलो तो आरशाकडे न जाता मी आधी हात फिरवला. जबड्याखाली, कानाखाली, कंठावर. एक फोड नाही. मग आरसा बघितला. मग बायकोला उठवलं. ती डोळे चोळत म्हणाली, "काय झालं?" मी कमरेवर हात ठेवला, मान वेळावली आणि मावशीच्या आवाजात म्हणालो, "अगो बाय, उठ की! मथुरेचा बाजार उठायला आला." आवाज फाटला नाही. कमरेत झोक आला. शेजारच्या खोलीतून आईचं हसू ऐकू आलं.

तालमीला गेलो तेव्हा बुवांनी माझी हनुवटी धरून उजेडाकडे वळवली, इकडून बघितली, तिकडून बघितली. "बरा झाला," म्हणाले. नंतर पेटी पुढे ओढून त्यांनी सूर धरला. मावशी कोण करणार हा विषय पुन्हा निघाला नाही. तालमीत रंग लावूनही बघितला, आधी अंगाला लावायचं साधं मलम आणि वर रंग. जळलं नाही.

स्पर्धेच्या दिवशी आमचा नंबर दुपारी होता. रंगपटात माझी दाढी बघायला अख्खं मंडळ जमलं. कृष्णाने ब्रश हातात घेऊन स्वतःच्या गालावर फिरवला, पेंद्याने घेतला, ढोलकीवाल्याने घेतला. मी ओरडलो, "अरे मेल्यांनो, ठेवा तो, माझा शृंगार आहे!" बायकोने नऊवारी चापूनचोपून नेसवली. टिकली लावली. पडद्याआडून बघितलं तर नाट्यगृह भरलेलं. गावच्या नमनात लोक चटईवर असतात, इथे खुर्च्या. खुर्चीत बसलेला माणूस हसायला वेळ घेतो, असं ऐकलं होतं.

गण झाला. गवळणी निघाल्या. मी पुढे झालो आणि पहिल्याच पावलाला कळलं की आज चेहरा माझ्या हातात आहे. आग नाही, ओढ नाही. भुवई म्हटली की भुवई उडत होती, गाल म्हटला की गाल फुगत होता. इतकी वर्षं मी निम्मा जीव दुखणं लपवण्यात घालवत होतो, हे मला तिथे, दिव्यांच्या उजेडात समजलं.

पेंद्या आडवा आला. तालमीत नसलेलं काहीतरी घुसडायची त्याला खोडच आहे. त्याने माझ्याभोवती एक चक्कर मारली आणि गालावरून बोट फिरवलं. "मावशे, गाल काय गो गुळगुळीत तुजे! लोणी लावतेस काय?"

मागच्या वर्षी कुणी असं बोट लावलं असतं तर मी किंचाळलो असतो. मी गाल पुढे केला. "लाव, मेल्या, दुसऱ्या गालालाही लाव. पण आधी हात धुऊन ये. सकाळी कोलंबी सोलत होतास ती काय मी बघितली नाय?"

पहिल्या रांगेतून हसू फुटलं आणि मागे पसरत गेलं. पेंद्याने स्वतःची बोटं हुंगली आणि तोंड वाकडं केलं. पुन्हा हशा. मग मी थांबलोच नाही. कृष्णाला दटावलं, गवळणींना ओळीत उभं केलं, पेंद्याला कान धरून उठाबशा काढायला लावल्या. बुवांचा आवाजही त्या दिवशी वेगळाच लागला होता. पडदा पडला तेव्हा टाळ्या थांबेनात, आणि विंगेत माझी आई शेजारच्या अनोळखी बाईला सांगत होती, "माझा झील हाय तो. मावशी."

रंग उतरवून, बनियनवर बसून मी पाणी पीत होतो. परीक्षकांपैकी एक बाई रंगपटात आल्या. इकडेतिकडे बघून मलाच त्यांनी विचारलं, "मावशीचं काम करणाऱ्या बाई कुठे आहेत? मला त्यांना भेटायचं होतं."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी उठून उभा राहिलो. "मीच तो."

त्यांचा विश्वास बसेना. मला पुन्हा कमरेवर हात ठेवून दोन वाक्यं बोलावी लागली. मग त्या इतक्या हसल्या, की बाकावर बसल्या.

संध्याकाळी निकाल लागला. आमच्या मंडळाला पहिला नंबर, आणि अभिनयाचं बक्षीस मावशीला. बुवांनी स्टेजवर ढाल घेतली आणि सरळ माझ्या हातात दिली. बोलायचं असतं तेव्हा ते गातात.

गावात ढाल नेऊन देवळात ठेवायची होती, म्हणून सगळे टेम्पोत बसलो. बायको, आई, गवळणी, पेंद्या. आग्रह झाला म्हणून मी पुन्हा नऊवारी नेसलो होतो. आरे-वारेच्या वळणावर टेम्पो थांबला. उन्हं अजून पाण्यावर होती आणि किनाऱ्यावर पर्यटकांची गर्दी. ढोलकीवाला खाली उतरला, त्याच्यामागे सगळेच. वाळूत फेर धरला. फोटो काढायला लोक धावले. पुण्याकडची एक आजीबाई आमच्यात शिरली, माझा हात धरून नाचली आणि दमून थांबल्यावर माझा गाल कुरवाळत म्हणाली, "ह्या वयात काय कांती आहे हो तुमची! काय लावता?"

मी पदर सावरला. मागे माझी बायको वाळूत बसून, पोट धरधरून हसत होती.